चिप तीच, कार्डे दोन: साधी आवृत्ती आणि ओव्हरक्लॉक आवृत्ती

एमएसआय या कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांची दोन खोकी शेजारी ठेवली आहेत असे समजा. दोन्हींवर ठळक अक्षरांत ‘आरटीएक्स ४०७०’ हे एनव्हिडियाच्या ग्राफिक्स चिपचे नाव छापलेले आहे. मात्र एकावर ‘व्हेंटस’ असे लिहिले आहे, तर दुसऱ्यावर ‘गेमिंग एक्स ट्रायो’, आणि दुसऱ्याची किंमत जास्त आहे. जास्त पैसे मोजले की जास्त वेग मिळणार, असे घेणाऱ्याला साहजिकच वाटते. प्रत्यक्षात त्या वाढीव किमतीतला फारच थोडा भाग वेगासाठी असतो. बाकीचा कशासाठी असतो हे समजले, तरच निवड नीट करता येते.

ग्राफिक्स चिपचा आराखडा एनव्हिडिया किंवा एएमडी तयार करते. असूस, गिगाबाइट, झोटॅक, सफायर यांसारखे उत्पादक ती चिप घेऊन आपल्या सर्किट बोर्डवर बसवतात, त्यावर आपला कूलर चढवतात आणि आपल्या नावाने कार्ड विकतात. त्यामुळे वरच्या दोन्ही खोक्यांतल्या चिपमध्ये ५८८८ कोअर, म्हणजे गणना करणारे छोटे घटक, आहेत आणि दोन्हीकडे १२ जीबी मेमरी व १९२ बिटांची मेमरी बस (चिप आणि मेमरी यांना जोडणारी वाट) आहे. साध्या आवृत्तीत या चिपचा घोषित बूस्ट वेग (भार आल्यावर अपेक्षित असलेला वाढीव वेग) २४७५ मेगाहर्ट्झ असतो. ओव्हरक्लॉक, म्हणजेच ‘ओसी’, आवृत्तीत उत्पादक तो कारखान्यातच थोडा वाढवून देतो. समजा तो २६०० केला, तर कागदावरची वाढ पाच टक्के झाली. खेळताना तेवढाही फरक पडत नाही, कारण मेमरीचा वेग सहसा तोच राहतो, शिवाय आजच्या चिपा तापमान, वीज आणि व्होल्टेज यांच्या मर्यादेत राहून आपला वेग आपणच वाढवत असतात. साधे कार्डही थंड राहिले, तर छापील आकड्याच्या पुढे धावते. जिथे सेकंदाला शंभर फ्रेम, म्हणजे चित्रे, मिळतात, तिथे ओसी आवृत्तीकडून दोन-तीन फ्रेम जास्त मिळतील, एवढीच अपेक्षा धरावी. हवा असल्यास असा वाढीव वेग साध्या कार्डालाही आफ्टरबर्नरसारख्या मोफत प्रोग्रामने स्वतः देता येतो. मोठा कूलर मात्र असा नंतर मिळवता येत नाही, आणि खरा फरक तिथेच आहे.

ही चिप असलेले कार्ड पूर्ण भारावर सुमारे २०० वॅट वीज घेते आणि त्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. ती उष्णता चिपवरून तांब्याच्या तळपट्टीत, तिथून उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांमधून (हीटपाइप) ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांच्या संचात, म्हणजे हीटसिंकमध्ये, जाते आणि पंख्यांची हवा ती बाहेर टाकते. हीटसिंकची पाती जितकी जास्त, तितक्या संथ पंख्यांवर काम भागते. लहान हीटसिंकला तेवढीच उष्णता हलवण्यासाठी पंखे जोरात फिरवावे लागतात, आणि पंख्याचा वेग वाढला की आवाज त्याहून झपाट्याने वाढतो. म्हणून मोठ्या आवृत्तीचे पैसे मुख्यतः शांततेचे असतात, असे माझे मत आहे. ज्याला तासन्‌तास संगणकाशेजारी बसून काम करायचे आहे, त्याच्यासाठी ही शांतता दोन-तीन फ्रेमपेक्षा कितीतरी मोलाची आहे, आणि तिच्यासाठी पैसे मोजणे मला मुळीच उधळपट्टी वाटत नाही.

मात्र हा हिशेब प्रत्येक चिपला सारखा लागू होत नाही. आरटीएक्स ४०६० फक्त ११५ वॅट घेते. तिला दोन पंख्यांचा साधा कूलर पुरून उरतो आणि तिच्यावर तीन पंख्यांचा मोठा कूलर चढवून फारसे काही साधत नाही. याउलट आरटीएक्स ४०९० ची मर्यादा ४५० वॅट आहे, तेव्हा तिथे कूलरचा दर्जा पाहूनच कार्ड घ्यावे.

मोठ्या कूलरला जागाही लागते. मदरबोर्डवर कार्डे बसवण्यासाठीच्या दोन स्लॉटांमधले अंतर २०.३२ मिलिमीटर असते आणि ‘अडीच स्लॉट’ जाडीचे कार्ड प्रत्यक्षात तीन स्लॉट अडवते. कॅबिनेटमधली लांबी मोजताना कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या पंख्यांची जाडी वजा करावी आणि वीजजोडणीची वायर वळण्यासाठी बाजूला जागा उरते का, हेही पाहावे. जोडणीसुद्धा एकसारखी नसते: ४०७० साठी काही कार्डांवर आठ पिनांची एकच जोडणी असते, कारण स्लॉटमधून ७५ आणि तिच्यातून १५० वॅट मिळून काम भागते, काही कार्डांवर मात्र सोळा पिनांची जोडणी असते, आणि पॉवर सप्लायला तशी वायर नसेल तर ॲडॉप्टर वापरावा लागतो.

किंमत जुळवून पाहताना आणखी एक तुलना करावी, जी बरेच जण विसरतात. एखाद्या चिपची सर्वांत महाग आवृत्ती बऱ्याचदा तिच्या वरच्या चिपच्या साध्या आवृत्तीच्या किमतीला जाऊन भिडते. ४०७० च्या वरच्या ‘४०७० सुपर’ या चिपमध्ये ७१६८ कोअर आहेत, म्हणजे ४०७० पेक्षा सुमारे २२ टक्के जास्त. कोणताही कारखानी ओव्हरक्लॉक हे अंतर भरून काढू शकत नाही. अशा वेळी वरच्या चिपचे साधे कार्डच घ्यावे.

उत्पादकाने केलेला फरक हा असा कूलर, आवाज आणि आकार यांच्यात मावतो. याहून घातक फरक असतो तो नाव तेच ठेवून आतला माल बदलण्याचा, आणि तो चिप बनवणाऱ्याकडूनच येतो. २०१६ च्या जीटीएक्स १०६० च्या ६ जीबी आवृत्तीत १२८० कोअर होते, तर ३ जीबी आवृत्तीत ११५२; मेमरी कमी एवढेच समजून ती घेणाऱ्यांना मुळात कमी ताकदीची चिप मिळाली. आरटीएक्स ३०६० च्या ८ जीबी आवृत्तीत मेमरी बस १९२ वरून १२८ बिटांवर आली. जीटी १०३० चे तर डीडीआर४ मेमरीचे कार्ड आले आणि मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १६.८ जीबीवर घसरला. खुद्द ४०७० ची २०२४ मध्ये जीडीडीआर६ या थोड्या संथ प्रकारच्या मेमरीची आवृत्ती निघाली. तिथे मेमरीचा वेग सेकंदाला ५०४ जीबीवरून ४८० वर आला, म्हणजे घट सौम्य आहे, पण खोक्यावरचे बारीक अक्षर वाचल्याशिवाय ती कळत नाही. म्हणून आधी मेमरीचा प्रकार, जीबी आणि बस तपासावी, आणि मगच ‘व्हेंटस’ की ‘ट्रायो’ हा प्रश्न हाती घ्यावा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही खोक्यावर लिहिलेली नसते. भार आल्यावर बोर्डवरच्या कॉइलमधून बारीक किणकिण ऐकू येऊ शकते, जिला कॉइल व्हाइन म्हणतात. ती एकाच मॉडेलच्या दोन नगांतही वेगवेगळी असते, महाग आवृत्तीही तिच्यापासून सुटत नाही, आणि पंखे जितके शांत तितकी ती जास्त जाणवते. त्यामुळे कार्ड बसवल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच, परत करण्याची मुदत संपण्याआधी, त्याला पूर्ण भार देऊन शांत खोलीत ऐकून पाहावे.