संगणकाच्या घड्याळाची गती

संगणकातील घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालते आणि तापमानानुसार ही कंपने किंचित कमीजास्त होतात. दहा लाखांमागे २० ही चूक क्षुल्लक वाटते; तरी तिच्यामुळे घड्याळ दिवसाला सुमारे १.७ सेकंद पुढे जाते किंवा मागे पडते. दोन सर्व्हर असे विरुद्ध दिशांना सरकले, तर आठवडाभराने त्यांचे लॉग, म्हणजे घटनांच्या वेळेसह केलेल्या नोंदी, शेजारी ठेवल्यावर प्रश्नाआधीच उत्तर आलेले दिसू शकते.

यावर डेव्हिड मिल्स या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजेच एनटीपी मांडला. आपला संगणक विचारणा पाठवल्याची वेळ टिपतो, वेळ सांगणारा सर्व्हर ती मिळाल्याची व उत्तर धाडल्याची वेळ कळवतो आणि उत्तर पोहोचताच आपला संगणक चौथी वेळ टिपतो. या चार नोंदींवरून घड्याळांमधील फरक काढता येतो. मात्र जाण्यायेण्यास सारखाच वेळ लागला, असे त्यात गृहीत धरलेले असते. जाताना ४० आणि येताना १० मिलिसेकंद लागले, तर हिशेब १५ मिलिसेकंदांनी चुकतो, आणि एकाच सर्व्हरशी कितीही वेळा बोलून ही चूक उघडकीस येत नाही. म्हणूनच किमान चार सर्व्हर नेमावेत, असे मी आग्रहाने सांगेन. दोनच असले आणि त्यांचे पटले नाही, तर खोटा कोण हे ठरवता येत नाही.

रेड हॅटच्या कुळातील लिनक्सवर हे काम क्रोनी हा प्रोग्राम करतो. ‘क्रोनीसी सोर्सेस’ ही आज्ञा दिली की निवडलेल्या सर्व्हरपुढे तारांकन दिसते आणि इतरांशी न जुळणाऱ्यापुढे ‘एक्स’. ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’मधील फ्रीक्वेन्सीची ओळ मला सर्वांत मोलाची वाटते, कारण आपला स्फटिक दहा लाखांमागे किती चुकतो हे ती सांगते आणि क्रोनी मुख्यतः तीच चूक भरून काढत असतो. वेळ एकदम बदलण्याची ‘मेकस्टेप’ ही आज्ञाही आहे. पण चालू डेटाबेसखालचे घड्याळ एकाएकी मागे गेले, तर नंतरची नोंद आधीची ठरते. म्हणून संरचनेच्या फाईलमध्ये ‘मेकस्टेप १ ३’ लिहितात: एका सेकंदाहून मोठा फरक पहिल्या तीन दुरुस्त्यांतच उडी मारून मिटवावा, त्यानंतर केवळ गती कमीजास्त करावी.

भारतात सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायची असतात. फाईलमध्ये सर्व्हरचे नाव लिहिल्यावर काही मिनिटांनी ‘क्रोनीसी सोर्सेस’मधील रीच हा स्तंभ पाहावा. हा आकडा अष्टमान (० ते ७ हेच अंक वापरणाऱ्या) पद्धतीचा असतो आणि ३७७ म्हणजे अलीकडच्या आठही विचारणांना उत्तर मिळाले. तिथे शून्यच राहिले, तर एनटीपीची ये-जा ज्यातून होते ते यूडीपीचे १२३ क्रमांकाचे पोर्ट फायरवॉलमध्ये अडले आहे का, हे आधी तपासावे.