भावना वजा केल्या तर बुद्धीला काय उरतं?

मेंदूतज्ज्ञ अंतोनियो दमासिओ यांनी एका रुग्णाचं खरं नाव झाकून त्याला ‘एलियट’ म्हटलं. त्याच्या कपाळामागे वाढलेली गाठ शस्त्रक्रियेनं काढली, तेव्हा आजूबाजूचा खराब झालेला मेंदूचा भागही काढावा लागला. बुद्ध्यंक चांगला, स्मरणशक्ती शाबूत, बोलणं व्यवस्थित. पण ऑफिसात कागद लावायला बसला, की ते तारखेनुसार लावावेत की आकारानुसार, या विचारातच अख्खी दुपार निघून जायची. नोकरी गेली, धंद्यात पैसा बुडाला, संसार मोडला. जळती घरं, अपघातात जखमी झालेली माणसं अशी चित्रं दाखवली, तेव्हा पूर्वी असं बघून आत काहीतरी व्हायचं, आता होत नाही, असं त्यानं सांगितलं. नीतीच्या प्रश्नांची तोंडी उत्तरं मात्र तो ठीक द्यायचा.

तर्क जागेवर होता. कशाला किती महत्त्व द्यायचं, हे आतून कळणंच बंद झालं होतं. भावना आड आल्या नाहीत की विचार चोख होतो, हा आपला समज इथे कोलमडतो. 18व्या शतकात स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी बुद्धीला भावनांची दासी म्हटलं होतं. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी नीतीचा पाया बुद्धीतच शोधला. एका रुग्णावरून या वादाचा निकाल लागत नाही, पण ह्यूम यांचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही, एवढं नक्की.

कपाळामागच्या त्याच भागाला इजा झालेल्या सहा जणांचा अभ्यास 2007 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. अनेकांचे प्राण वाचवायला एकाला आपल्या हातानं पुलावरून ढकलाल का? अशा नुसत्या प्रश्नानंच आपल्या अंगावर काटा येतो. हे सहा जण इतरांपेक्षा कितीतरी सहज ‘हो’ म्हणाले. जिथे अंगावर येणारं असं काही नव्हतं, तिथे त्यांची उत्तरं सगळ्यांसारखीच होती. त्यांचा हिशेब चुकला, असं मला म्हणवत नाही. पण ज्याच्या अंगावर काटा येतो, त्याच माणसावर मी विश्वास टाकेन.

तरीही भावनेची नजर फार लांब जात नाही. मे महिन्यात पारा 45च्या घरात असताना नागपूरच्या सीताबर्डीवर, म्हणजे आमच्या बर्डीच्या बाजारात, कुणी चक्कर येऊन पडलं, तर माणसं लगेच धावतात. कुणी सावलीत नेतं, कुणी दुपट्टा ओला करून मानेवर ठेवतं, कुणी प्याऊवरून पाणी आणतं. त्याच वेळी शहराच्या कडेला सेंट्रिंगवर, म्हणजे बांधकामातल्या स्लॅबच्या आधाराच्या सांगाड्यावर, चढलेल्या मजुरासाठी कुणाच्या पोटात कालवाकालव होत नाही, कारण तो दिसतच नाही. 2007 मधल्याच दुसऱ्या एका अभ्यासात उपासमारीची आकडेवारी वाचून लोकांनी कमी पैसे दिले, तर आफ्रिकेतल्या माली देशातल्या एका सात वर्षांच्या मुलीबद्दल वाचून जास्त. तिच्या माहितीशेजारी आकडे ठेवल्यावर तिच्यासाठीची मदतही घटली.

14 ऑक्टोबर 1956 रोजी याच नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. प्रज्ञा आणि करुणा यांचा अपूर्व मिलाफ म्हणजे बुद्धांचा धम्म, अशी त्यांची मांडणी होती. हे अभ्यास वाचताना ती मला वारंवार आठवते. सेंट्रिंगवरच्या मजुरापर्यंत आपली करुणा पोचवायची, तर दुपारी 12 ते 4 उन्हात कोण असतं, सावली आणि पाणी त्यांच्यापासून किती लांब आहे, कामाच्या वेळा कुठे बदलता येतील, हे वस्तीवस्तीत फिरून, ठेकेदारांशी बसून ठरवावं लागेल. आणि तेही एप्रिल उजाडण्याआधी.