दोषशोधन, ब्राउझरमधील

संकेतस्थळाचे पान उघडते, त्यावरचा मजकूर वाचता येतो. परंतु त्यातील एखादा घटक, उदा., नकाशा, चित्रफीत, शोधपेटी, अर्जाचा तक्ता किंवा पैसे भरण्याचे बटण, दिसत नाही अथवा दाबूनही काही करत नाही, तेव्हा त्या बिघाडाचे कारण वापरकर्त्याच्या ब्राउझरमधूनच शोधून काढण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. संपूर्ण पानच न उघडणे हा निराळा प्रकार होय. तेथे ब्राउझर स्वतः सूचना दाखवतो. अंशतः बिघाडात मात्र बहुधा कोणतीच सूचना मिळत नाही आणि प्रस्तुत विषयातील बहुतेक अडचणी त्यामुळेच उद्भवतात.

स्वरूप : आजचे सर्वसाधारण पान हे अनेक सर्व्हरांवरून (माहिती पुरवणाऱ्या दूरच्या संगणकांवरून) मागवलेल्या डझनावारी, प्रसंगी शेकडो फाइलींची जुळणी असते. त्यातील प्रत्येक विनंती चारपैकी एखाद्या टप्प्यावर अडू शकते. काही विनंत्या ब्राउझरच्या बाहेरच पडत नाहीत. काही बाहेर पडतात, पण उत्तर येत नाही किंवा ४०४ (फाइल सापडली नाही), ५०३ (सेवा तूर्त उपलब्ध नाही) यांसारख्या संकेतांकासह नकार येतो. काहींचे उत्तर व्यवस्थित येते, परंतु सुरक्षेच्या नियमामुळे ब्राउझर ते पानाच्या हाती देत नाही. आणि काही वेळा फाइल स्वीकारली जाते, पण तीतील जावास्क्रिप्ट या भाषेतील आज्ञावली (ब्राउझरने पार पाडायच्या सूचना) मध्येच थांबते. बिघाड कोणत्या टप्प्यावरचा आहे हे ठरवणे म्हणजेच दोषशोधन. त्याआधी केलेला उपाय लागू पडला, तरी कारण अज्ञातच राहते.

ऐतिहासिक आढावा : टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेत तयार केलेल्या पहिल्या ब्राउझरच्या काळात पान म्हणजे मुख्यतः मजकुराची एक फाइल होती, ती आली किंवा आली नाही, एवढाच प्रश्न असे. १९९३ मधील मोझेइक ब्राउझरने मजकुराच्या ओघातच चित्रे दाखवण्याची सोय लोकप्रिय केली आणि तेव्हापासून पान आले, पण चित्र आले नाही, ही स्थिती सामान्य झाली. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट रचली. मार्च १९९९ मधील इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर पान न बदलता सर्व्हरकडून माहिती मागवण्याची सोय उपलब्ध झाली. जीमेल (२००४) व गूगल मॅप्स (२००५) यांनी या पद्धतीचे सामर्थ्य दाखवून दिले आणि जेसी जेम्स गॅरेट यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये तिला एजॅक्स हे नाव दिले. पान पूर्ण उघडल्याची खूण दिसणे आणि त्यातील सोयी चालणे यांची फारकत या काळात कायमची झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

तपासणीची साधने ब्राउझरमध्ये नेमकी केव्हा आली, याबाबत एकमत नाही. नेटस्केपच्या चौथ्या मालिकेतील आवृत्त्यांत पत्त्याच्या पेटीत ‘javascript:’ असे (अपूर्णविरामासह) टंकल्यास त्रुटींची यादी दाखवणारी खिडकी उघडे. काही लेखक कन्सोलचा, म्हणजे त्रुटी नोंदवणाऱ्या चौकटीचा, आरंभ तेथे मानतात. मायक्रोसॉफ्टचा स्क्रिप्ट डीबगर (आज्ञावलीतील चुका शोधण्याचे साधन) त्याच दशकातील असला, तरी तो स्वतंत्र प्रोग्रॅम होता. मोझिला प्रकल्पात सु. २००१ च्या सुमारास रॉबर्ट गिंडा यांचा वेंकमन हा डीबगर आणि पानाची अंतर्गत रचना दाखवणारा डॉम इन्स्पेक्टर उपलब्ध होते. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संवाद पाहण्यासाठी एरिक लॉरेन्स यांचे फिडलर हे साधन सु. २००३ पासून वापरात आले. मात्र ते ब्राउझरबाहेर राहून मधल्या दलालाप्रमाणे काम करते. जानेवारी २००६ मध्ये जो ह्युइट यांचे फायरबग हे फायरफॉक्सचे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा पूरक प्रोग्रॅम) प्रसिद्ध झाले आणि जवळपास त्याच सुमारास सफारीच्या वेबकिट प्रकल्पात वेब इन्स्पेक्टर हे तशाच प्रकारचे साधन दाखल झाले. या दोहोंत अग्रमान कोणाचा हा वाद काही आठवड्यांच्या फरकाचा आहे व त्यास फारसे महत्त्व देण्याचे कारण दिसत नाही. पानाची रचना, शैली, त्रुटी आणि प्रत्येक विनंतीचा कालपट एकाच चौकटीत प्रथम कोठे पाहता आला, ही कसोटी प्रस्तुत विषयाला अधिक समर्पक असून त्या दृष्टीने फायरबगची १.० ही आवृत्ती (सु. २००६-०७) आरंभबिंदू मानणारे मत ग्राह्य वाटते. पुढे क्रोम (२००८) वेबकिटचेच साधन घेऊन आला, तर इंटरनेट एक्सप्लोरर ८ (२००९) ने एफ१२ या कळीवर अशी साधने दिली. फायरबगचा विकास २०१७ मध्ये थांबला. त्याची कल्पना तोवर सर्व ब्राउझरांनी आत्मसात केली होती.

समान-उगम नियम : एका संकेतस्थळावरील आज्ञावलीने दुसऱ्या संकेतस्थळाची माहिती वाचू नये, हा नियम तिसऱ्या टप्प्यावरील बहुतेक बिघाडांच्या मुळाशी आहे. त्याचा उगम नेटस्केप नॅव्हिगेटर २.०२ या आवृत्तीत व १९९५ साली झाला, असे अनेक ठिकाणी नमूद केलेले आढळते. मात्र २.० या आवृत्तीची चाचणी-रूपेच १९९५ च्या उत्तरार्धात आली आणि तिचे अंतिम रूप १९९६ च्या आरंभीचे आहे, त्यामुळे २.०२ आणि १९९५ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे कठीण आहे. नियमाची कल्पना १९९५ अखेरची आणि तिची दुरुस्त अंमलबजावणी १९९६ ची, असे मानणे अधिक सुरक्षित ठरेल. नियमास रीतसर सूट देणारी कॉर्स ही व्यवस्था जानेवारी २०१४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची शिफारस झाली. तीनुसार माहिती देणाऱ्या सर्व्हरने उत्तराच्या शीर्षनोंदीत (उत्तराबरोबर येणाऱ्या तांत्रिक माहितीत) परवानगी लिहावी लागते. ती नसल्यास, सर्व्हरने २०० हा यशदर्शक संकेतांक दिला असला तरी, पानातील आज्ञावलीस उत्तर वाचता येत नाही. अशा वेळी तपासणी-साधनातील विनंत्यांची यादी निर्दोष भासू शकते आणि खरे कारण केवळ कन्सोलमधील तांबड्या ओळीत लिहिलेले असते. म्हणून दोन्ही एकत्र वाचणे आवश्यक आहे. या दोषावर वापरकर्त्याकडे उपाय नसतो. ब्राउझरची सुरक्षा शिथिल करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो स्वीकारू नये.

कॅशे : एकदा आणलेली फाइल पुन्हा न मागवता स्थानिक साठ्यातून (कॅशेमधून) देण्याच्या नियमांची प्रचलित संहिता आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवज-मालिकेतील ९१११ क्रमांकाची (जून २०२२) ही होय. फाइल किती काळ ताजी मानावी हे सर्व्हरने सांगितले नसेल, तर ब्राउझर अंदाज बांधतो. शेवटच्या बदलापासून लोटलेल्या काळाचा दहावा हिस्सा हे त्यासाठी सर्रास वापरले जाणारे प्रमाण आहे. म्हणजे १०० दिवसांपूर्वी बदललेली स्क्रिप्ट आणखी सु. १० दिवस न विचारता वापरली जाऊ शकते. या अवधीत संकेतस्थळाने नवी मांडणी आणली, तर पान नवे आणि स्क्रिप्ट जुनी अशी विजोड जोडी तयार होते व एखादे बटण निकामी होते. हा दोष फक्त पूर्वी येऊन गेलेल्यांनाच जाणवतो, प्रथमच येणाऱ्यास नाही. ‘आमच्याकडे तर चालते’ हे साहाय्य-केंद्राचे उत्तर अशा वेळी प्रामाणिकच असते, पण त्याने तक्रार खोटी ठरत नाही. कंट्रोल व एफ५ या कळी एकत्र दाबून केलेले सक्तीचे पुनर्भरण साठा टाळून फाइली नव्याने मागवते. २०१५ पासून क्रोममध्ये व नंतर इतरत्र आलेला सर्व्हिस वर्कर हा पानापासून स्वतंत्रपणे टिकून राहणारा आज्ञाखंड विनंत्या वाटेतच अडवून स्वतःच्या साठ्यातून उत्तर देऊ शकतो. सामान्य पुनर्भरणाने तो हटत नाही, सक्तीच्या पुनर्भरणात टाळला जातो, पण त्यानंतर तो पुन्हा कामास लागतो. म्हणून सक्तीच्या पुनर्भरणानंतर चाललेली सोय पुढच्या भेटीत पुन्हा बंद पडली, तर संशय प्रथम सर्व्हिस वर्करवर घ्यावा.

सगळा साठा व कुकी (संकेतस्थळाने वापरकर्त्याची ओळख ठेवण्यासाठी ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदी) पुसून टाकणे हा सर्वांत प्रचलित सल्ला आहे. तो अनेकदा लागू पडतो, तथापि प्रथमोपचार म्हणून तो अयोग्य आहे : त्याने बिघाडाचा पुरावा नष्ट होतो, सर्व ठिकाणची प्रवेश-नोंद जाते आणि संकेतस्थळाची स्थानिक माहितीही पुसली गेल्यास ब्राउझरमध्ये साठवलेले अर्धवट अर्ज कायमचे हरवतात. खाजगी खिडकीत तेच पान उघडून पाहणे त्यामानाने निरुपद्रवी होय. मात्र या चाचणीत कुकी व साठा कोरे होतात, क्रोममध्ये एक्स्टेन्शन सहसा बंद राहतात आणि इतर संकेतस्थळांच्या कुकींवरील निर्बंधही वाढतात; एकाच वेळी अनेक गोष्टी बदलत असल्याने तेथे सोय चालली, तरी दोषी कोण हे ठरत नाही. त्यानंतर मूळ खिडकीत एकेक एक्स्टेन्शन बंद करून पाहणे क्रमप्राप्त ठरते.

अन्य कारणे : जाहिरातरोधक एक्स्टेन्शने पत्त्यांच्या ठरावीक याद्यांशी विनंती ताडून पाहतात, त्यामुळे ज्याच्या पत्त्यात जाहिरातवाचक शब्द आहे असे निरागस चित्रही अडते. क्रोममध्ये अशा विनंतीपुढे ती ग्राहकाच्या बाजूनेच अडवल्याची नोंद असते. सुरक्षित (एचटीटीपीएस) पानावर असुरक्षित (एचटीटीपी) पत्त्यावरून स्क्रिप्ट मागवल्यास ती ब्राउझर रोखतो. फायरफॉक्सने हा निर्बंध ऑगस्ट २०१३ मध्ये मूलस्थितीत लागू केला. संगणकाचे घड्याळ चुकले असल्यास सर्व्हरची ओळख पटवणारी सुरक्षा-प्रमाणपत्रे मुदतबाह्य भासतात. मुख्य पानाच्या बाबतीत इशारा दिसतो. अन्य सर्व्हरवरील फाइलीच्या बाबतीत ती निमूटपणे वगळली जाते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट संस्थेची प्रमाणपत्रे ज्यावर विसंबून होती असे एक जुने मूळ प्रमाणपत्र संपले, तेव्हा जुन्या उपकरणांवर असे बिघाड दिसून आले.

फेब्रुवारी २०२० मधील क्रोम ८० पासून दुसऱ्या संकेतस्थळावरून येणाऱ्या विनंतीबरोबर कुकी पाठवण्यावर मूलतः निर्बंध आला. बँकेच्या पानावरून परत येताना दुकानाचे सत्र (वापरकर्त्याची ओळख व खरेदीची स्थिती) हरवणे, हा पैसे भरण्याच्या व्यवहारातील दोष त्यातून उद्भवू शकतो. कोविड-१९ च्या साथीत आवश्यक सेवा विस्कळीत होऊ नयेत म्हणून हा बदल एप्रिलमध्ये मागे घेऊन जुलैपासून पुन्हा लागू करण्यात आला.

जुन्या ब्राउझरमध्ये निराळाच दोष आढळतो. पानाची रचना सांगणाऱ्या एचटीएमएल या भाषेतील अपरिचित खूण ब्राउझर सोडून देतो. जावास्क्रिप्टमधील अपरिचित रचना आढळल्यास मात्र ती संपूर्ण फाइलच नाकारली जाते. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती असल्याने अशा संगणकांवर हे प्रकार यापुढे वाढतील. फ्लॅशवर आधारित सोयी ३१ डिसेंबर २०२० नंतर अधिकृतपणे संपल्या. त्यांच्या बाबतीत दोषशोधन निरर्थक होय. कधी दोष सर्वस्वी दूरचा असतो : २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया येथील साठवण-सेवेत एका चुकीच्या आज्ञेमुळे खंड पडला, तेव्हा असंख्य संकेतस्थळांची पाने उघडत होती, चित्रे मात्र येत नव्हती. दुसऱ्या जोडणीवरून, उदा., मोबाइलच्या डेटावरून, तोच दोष दिसतो का हे पाहणे येथे उपयोगी पडते.

देवनागरी टंक : मराठी वाचकांना या विषयाचा पहिला परिचय बहुधा टंकांमुळे (फाँटमुळे) झाला. सु. १९९८ पासून पुढील दशकभर अनेक मराठी संकेतस्थळे युनिकोड या सर्व लिप्यांच्या समान संकेतनापूर्वीचे स्वतःचे टंक वापरत. इंटरनेट एक्सप्लोररला समजणाऱ्या स्वरूपात टंक पानाबरोबर पाठवला जाई. अन्य ब्राउझरमध्ये तो न उतरल्याने रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी दिसे. पद्म हे फायरफॉक्सचे एक्स्टेन्शन अशा काही भारतीय टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवी. युनिकोड आल्यावरही विंडोज एक्सपीमध्ये जटिल लिप्यांचा आधार मूळ सीडीवरून वेगळा घालावा लागे. तो नसल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडे आणि जोडाक्षरे सुटी दिसत. डिसेंबर २०१२ मध्ये वॉफ या टंकस्वरूपास प्रमाणमान्यता मिळाल्यावर परिस्थिती निवळली. आजही दुसऱ्या सर्व्हरवरील टंकास कॉर्सची परवानगी लागते व ती नसल्यास पान प्रणालीतील पर्यायी टंकात दिसते. मजकूर वाचता येत असल्याने हा दोष सहसा कोणी कळवत नाही.

मोबाइलवरील दोषशोधन : फोनवरील क्रोम व सफारी यांत तपासणीची चौकट नसते. अँड्रॉइडवरील क्रोम यूएसबी तारेने संगणकास जोडून, तर आयफोनवरील सफारी मॅकला जोडून तपासता येतो. संदेशवहनाच्या अ‍ॅपमध्येच उघडणाऱ्या पानांची तपासणी अँड्रॉइडवर त्या अ‍ॅपच्या निर्मात्याने मुभा ठेवली असेल तरच शक्य होते. अशा अंतर्गत ब्राउझरच्या कुकी मुख्य ब्राउझरपासून बहुधा वेगळ्या असतात. त्यामुळे तेच पान मुख्य ब्राउझरमध्ये उघडून पाहणे, एवढीच चाचणी सामान्य वापरकर्त्यास उपलब्ध आहे.