नळीतला काळेपणा : साचलेला मळ की गंजाचे खड्डे?

जुनी रायफल घेताना नळीतून पाहिले की आत बहुधा काळपट, निस्तेज दिसते, आणि तिथेच दोन उलट चुका होतात. केवळ अस्वच्छ असलेली चांगली नळी नाकारली जाते, किंवा खड्डे पडलेली नळी "साफ केली की चकाचक होईल" या विक्रेत्याच्या शब्दावर घेतली जाते. नाशिकमधल्या सर्वसामान्य परवानाधारकाला लष्कराची .३०३ रायफल घेता येत नाही, कारण ती निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या मापाच्या शस्त्रांत, मोडते. त्याच्यासमोर येते ती बहुतेक वेळा ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५, जिच्या बोल्टची (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची) रचना लष्कराच्या ली-एनफिल्डवरूनच, म्हणजे त्या .३०३ रायफलवरूनच, आलेली आहे. त्यामुळे त्या जुन्या लष्करी नळ्या ज्या नजरेने तपासल्या जातात, तीच नजर येथेही लागते.

मळ हा पोलादावर बसलेला थर असतो : जळलेल्या दारूची काजळी आणि गोळीच्या आवरणाचा घासून राहिलेला तांब्याचा अंश. खड्डा म्हणजे पोलादच खाल्ले गेलेले असते. याचे मूळ बहुधा जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठिणगी पाडून दारू पेटवणाऱ्या बुडातल्या भागात, सापडते. तिच्यातले पोटॅशियम क्लोरेट जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड हे मिठासारखे क्षार मागे राहतात, ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि त्याखाली गंज धरतो. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणूनच गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतून, ती कोरडी करून, मगच तेल देण्याची लष्करी पद्धत होती. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसाळ्यात कातडी म्यानात चार महिने पडून राहिलेली आणि खंडेनवमीला तेवढी वरून पुसून हळद-कुंकू लावलेली रायफल बाहेरून कितीही देखणी असली, तरी नळीबद्दल ते काहीच सांगत नाही.

तपासणी करताना रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करून बोल्ट काढून घ्यावा, आणि नळीतले तेल आधी कोरड्या चिंधीने पुसावे, कारण तेलाची चकाकी लहान खड्डे बेमालूम झाकते. (विकायला काढलेली नळी तेलाने निथळत असेल, तर मी तरी आधी संशयच घेतो.) नळीच्या तोंडाशी पांढरा कागद तिरका धरून उजेड आत पाडावा, मागच्या बाजूने पाहावे आणि पाहताना रायफल हळूहळू फिरवावी. मळ सहसा रायफलिंगच्या (गोळीला फिरकी देण्यासाठी नळीत आतून कोरलेल्या पीळदार) खाचांच्या कडेकडेने, नळीच्या लांबीला धरून, पट्ट्यांसारखा बसलेला दिसतो. खड्डे मात्र खाच आणि दोन खाचांमधला उंचवटा असा भेद न करता देवीच्या व्रणांसारखे कुठेही विखुरलेले असतात आणि उजेड फिरवला की त्यांची कड सावली टाकते. तरीही शंका राहिली, तर विक्रेत्याच्या परवानगीने साफ करण्याचे द्रावण लावून पंधरावीस मिनिटे थांबावे आणि ब्रश फिरवावा. चिंध्या आधी काळ्या, अमोनियाचे द्रावण असल्यास निळसर-हिरव्या येऊन पुढे फिकट होत गेल्या आणि त्याबरोबर नळीही उजळली, तर तो मळ होता. चिंधी स्वच्छ येऊ लागली तरी ठिपके त्याच जागी कायम राहिले, तर ते खड्डे आहेत आणि कोणत्याही द्रावणाने ते भरून येत नाहीत.

अर्थात प्रत्येक खड्डा रायफल नाकारण्याजोगा नसतो. खाचांच्या तळाशी असलेला उथळ खरखरीतपणा नेमबाजीत फारसा जाणवत नाही, फक्त अशी नळी लवकर मळते आणि साफ करायला जास्त वेळ घेते. तेवढ्यासाठी किंमत कमी करून घ्यावी. तोंडापाशी उंचवट्यांच्या कडा खाल्ल्या गेल्या असतील, तर मात्र गोळी नळी सोडतानाच भरकटते. तोंडाची अशी झीज वर्षानुवर्षे पुलथ्रूची (नळीतून चिंधी ओढून ती साफ करायची) दोरी तिरकी ओढल्यानेही होते, त्यामुळे एकही खड्डा नसलेली नळीसुद्धा तिथे बोटभर आतपर्यंत नीट पाहावी. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, खोल खड्डे असतील, तर मी ती रायफल स्वस्तातही घेणार नाही : गोळी सुटताना काडतुसाचे पितळ फुगून त्या खड्ड्यांत बसते आणि रिकामे काडतूस आतच अडकते.

नळी पसंत पडली तरी रायफल लगेच हाती येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार खासगी मालकाने विक्रीचा इरादा जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात, आणि बॉडीवरचा क्रमांक त्याच्या परवान्यातल्या नोंदीशी जुळतो की नाही, हे बयाणा देण्याआधीच पाहून घ्यावे.