फुटबॉलपटूंनी जास्त दान द्यावं का? हा वाद आजचा नाही

सोलापुरात रात्री जागून इंग्लंडची प्रीमियर लीग बघणाऱ्या पोरांच्यात एक वाद ठरलेला असतो. मॅच संपली की कुणीतरी मोबाईलवर एखाद्या प्लेयरचा पगार काढतो, आठवड्याला अमुक लाख पौंड, मग त्याचे रुपये करतो आणि सुरू होतं. "एवढे घेतोय की बे आठवड्याला, निम्मे गरिबांना वाटले तर काय बिघडतंय याचं?" दुसरा म्हणतो त्याच्या पायाची कमाई आहे, तू कोण सांगणार. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं, पण हा प्रश्न आला कुठून आणि खेळाडूलाच का विचारला जातो, हे बघितल्याशिवाय त्यावर नीट बोलता येत नाही, म्हणून हे जरा मागं जाऊन लिहितोय.

सुरुवात ग्लासगोपासून करावी लागते. १८८७ साली ब्रदर वॉल्फ्रिड नावाच्या आयरिश धर्मबंधूने तिथं सेल्टिक क्लब काढला, तो कप जिंकायला नाही तर शहराच्या पूर्व भागातल्या आयरिश मजुरांच्या उपाशी पोरांना जेवण मिळावं म्हणून. पोरांच्या जेवणाची सोय केलेली होती पण पैसे पुरत नव्हते, मग मॅच ठेवा, तिकीट लावा, गल्ला जेवणाला द्या, एवढा साधा हिशोब. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली तेलंगणातून पोटासाठी आलेली विणकर कुटुंबं, गिरणीच्या भोंग्यावर चालणारं घर, हे ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना ग्लासगोचा तो पूर्व भाग वेगळा समजावून सांगायची गरज नाही. मे १८८८ मध्ये पहिली मॅच झाली, रेंजर्सविरुद्ध, सेल्टिकने ५-२ ने जिंकली. पण दहा वर्षं पण झाली नव्हती, १८९७ मध्ये क्लबची लिमिटेड कंपनी झाली आणि पोरांच्या जेवणाचा विषय मागं पडला, त्यावर तेव्हाही लोकांनी बोट ठेवलं होतं. माझ्या मते वादाचं बीज इथंच पडलं. आणि विसरणारे खेळाडू नव्हते, क्लब चालवणारे होते, हे लक्षात ठेवा, कारण पुढं सारखं हेच दिसतं.

इंग्लंडमध्ये १९०१ पासून खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा घातली, आठवड्याला ४ पौंड. चांगल्या कारागिरापेक्षा बरं, पण त्याहून वर जायला बंदी. स्टेडियम भरलेलं असायचं, तिकिटाचा पैसा क्लबकडे, खेळाडू ४ पौंडावर. त्याच काळात, १९०८ मध्ये, इंग्लंडचा फुटबॉल चालवणाऱ्या फुटबॉल असोसिएशनने चॅरिटी शील्ड सुरू केली, पहिली मॅच मँचेस्टर युनायटेड आणि क्वीन्स पार्क रेंजर्स यांच्यात झाली, गल्ला धर्मादाय कामांना. म्हणजे बांधल्या पगारावरच्या माणसाच्या घामावर दान व्हायचं आणि नाव असोसिएशनचं व्हायचं.

खेळाडूच्या म्हातारपणाचं काय, तर बेनिफिट मॅच. एकाच क्लबला वर्षानुवर्षं खेळला की एक मॅच त्याच्या नावाने ठेवायची आणि तिचा गल्ला त्याला द्यायचा, त्यातून कुणी छोटं दुकान टाकायचं, कुणी पब चालवायला घ्यायचं. म्हणजे तेव्हा दान खेळाडूला लागायचं. आपल्याकडं खालच्या पातळीवर अजूनही तेच चाललंय की, एखाद्या पोराचं गुडघ्याचं लिगामेंट जातं, ऑपरेशनचा खर्च घरच्यांना झेपत नाही, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते, मग मैदानावरच्या ग्रुपवर मेसेज फिरतो आणि कुणी ५०० कुणी २०० असे जीपेवर टाकतात. हे पैसे टाकणारे सगळे स्वतः खिसा बघून टाकणारे असतात आणि मला त्या पोरांचा फार अभिमान वाटतो.

आता या इतिहासातलं जे पान मला सगळ्यात जास्त लागतं ते सांगतो. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या प्रेस्टन शहरात डिक, केर कंपनीच्या कारखान्यात दारूगोळा बनवणाऱ्या बायकांनी टीम काढली, डिक, केर लेडीज. १९१७ च्या नाताळच्या दिवशी त्या डीपडेल ग्राउंडवर खेळल्या, १० हजार लोक आले, पैसा जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलला गेला. मग जिथं जातील तिथं गर्दी, हॉस्पिटल, बेकार कामगार, माजी सैनिक, सगळ्यांसाठी मॅच. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर तर ५३ हजार माणसं आत आणि हजारो बाहेर उभी, जमा झाले तीन हजार पौंडांच्या वर. या बायका दिवसभर कारखान्यात काम करून खेळायच्या, त्यांना मिळायचं काय तर बुडालेल्या रोजाच्या बदल्यात थोडे शिलिंग.

आणि ५ डिसेंबर १९२१ ला फुटबॉल असोसिएशनने ठराव करून बायकांच्या फुटबॉलला आपल्या क्लबच्या मैदानांवर बंदी घातली. ठरावात एक तर म्हटलं की हा खेळ बायकांना योग्य नाही, आणि दुसरं, नीट वाचा, की गल्ल्यातला जास्त भाग खर्चात जातोय आणि धर्मादाय कामाला पुरेसा जात नाही! सगळा गल्ला दानात घालणाऱ्या कामगार बायकांवर आरोप काय, तर दान कमी पडतंय. ही बंदी जवळपास ५० वर्षं राहिली, १९७० नंतरच उठली, माफी मागायला २००८ उजाडलं. "तुम्ही पुरेसं देत नाही" हे वाक्य खेळणाऱ्याला गप्प करायला कसं वापरता येतं त्याचा यापेक्षा स्पष्ट दाखला मला तरी माहीत नाही, आणि म्हणून आजही कुणी मोठा माणूस टीव्हीवर हे वाक्य बोलला की मी आधी बघतो बोलणारा कोण आहे.

पगाराची मर्यादा १९६१ च्या जानेवारीत गेली. तोपर्यंत ती आठवड्याला २० पौंडावर आली होती. खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष जिमी हिल, त्याने संपाची तयारी केली तेव्हा कुठं मालक वाकले, आणि लगेच फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड घेणारा पहिला खेळाडू ठरला. संपाची तयारी करून मिळवलेला पगार आहे हा, कुणी खिरापत वाटली नाही. १९३० च्या मार्शल लॉच्या आधीपासून गिरणी कामगारांची आंदोलनं बघितलेल्या गावाला तरी यातलं वजन कळावं. पुढचं पटकन सांगतो: १९९२ मध्ये प्रीमियर लीग आणि तिच्यासोबत सॅटेलाइट टीव्हीचा पैसा, १९९५ च्या डिसेंबरात युरोपियन कोर्टाचा बॉसमन निकाल, म्हणजे करार संपला की खेळाडू फुकटात दुसऱ्या क्लबला जायला मोकळा, आणि तिथून पगार असा पळाला की आपल्यासारख्याला शून्यं मोजायला लागतात.

मग दानाची दिशा उलटली. २००२ मध्ये संडरलंडचा नाइल क्विन याने स्वतःच्या बेनिफिट मॅचचा सगळा पैसा, दहा लाख पौंडांच्या वर, मुलांच्या हॉस्पिटल्सना देऊन टाकला. त्याच २००२ मध्ये चॅरिटी शील्डचं नाव बदलून कम्युनिटी शील्ड करावं लागलं, कारण ब्रिटनच्या चॅरिटी कमिशनला दिसलं की तिकिटातला किती पैसा दानाला जातो हे असोसिएशन लोकांना नीट सांगत नव्हती आणि संस्थांना पैसे द्यायला उशीर करत होती. एकाच वर्षात खेळाडूने सगळं दिलं आणि असोसिएशनला हिशोब देता आला नाही. १९२१ चा ठराव डोळ्यापुढं ठेवून हे वाचलं की राग येतो, मला तरी येतो.

त्यानंतर एकेकट्या खेळाडूंचं दान लई वाढलं. बेकहॅम २०१३ मध्ये पॅरिसला पाच महिने खेळला तो पगार मुलांच्या संस्थेला दिला, एम्बापेने २०१८ च्या वर्ल्ड कपची कमाई दिली. पण सादिओ मानेचं वेगळं वाटतं. सेनेगलमधलं बांबाली हे त्याचं गाव, तो सात वर्षांचा असताना वडील वारले, गावात हॉस्पिटल नव्हतं. त्याने गावात शाळा बांधली, मग हॉस्पिटल बांधलं, २०२१ मध्ये ते सुरू झालं. ज्याला गावात डॉक्टर नसणं म्हणजे काय हे घरातून माहितीय त्याने दिलेला पैसा बरोबर जागी पडतो.

तरी एक गोष्ट दानाच्या आधी येते ती म्हणजे टॅक्स. मेस्सीला २०१६ मध्ये स्पेनच्या कोर्टाने टॅक्स चुकवल्याबद्दल २१ महिन्यांची शिक्षा सुनावली, जेलमध्ये जावं लागलं नाही, आणि रोनाल्डोने २०१९ मध्ये तसल्याच प्रकरणात जवळपास १ कोटी ९० लाख युरो भरायचं मान्य केलं. दोघांनीही २०२० मध्ये कोविडच्या वेळी हॉस्पिटलांना मोठी मदत केली, ती खरीच आहे आणि मी ती कमी लेखत नाही. पण सरकारी दवाखाना टॅक्सवर चालतो, फोटोवर नाही, आणि टॅक्स बुडवून दान दिलं तर ते माझ्या हिशोबात दान धरत नाही मी.

आता मुद्द्याचं. ऑगस्ट २०१७ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या हुआन माटाने कॉमन गोल सुरू केलं, पगाराचा १ टक्का कायमचा एका सामायिक फंडाला, आणि त्यातून जगभरात फुटबॉलच्या मार्गाने पोरांत काम करणाऱ्या संस्थांना पैसे. मॅट्स हुमेल्स आला, कियेलिनी आला, मेगन रॅपिनो आणि अॅलेक्स मॉर्गन आल्या, कोच युर्गन क्लॉप आला. माटा मुंबईत येऊन ऑस्कर फाउंडेशनच्या पोरांना भेटून गेलाय. या फंडामागं जे संस्थांचं जाळं आहे त्यात नागपूरची स्लम सॉकर पण आहे, विजय बारसेंनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन उभी केलेली, बारसेंच्याच कामावर आपल्या करमाळ्याच्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी सिनेमा केला.

लोक म्हणतात एक टक्का म्हणजे काय, चिल्लर. हिशोब करून बघा. आठवड्याला १ लाख पौंड घेणाऱ्याचा १ टक्का म्हणजे हजार पौंड, वर्षाला ५२ हजार, आपले ५० लाखांच्या वर, एका खेळाडूचे. आणि मुख्य म्हणजे दरवर्षी. आपल्या मार्केट यार्डातल्या जुन्या पेढ्यांचा धर्मादाय आठवा, पट्टीत शेकड्यामागं काही पैसे असायचेच, भाव पडला काय चढला काय, त्यावर पाणपोया आणि धर्मशाळा चालल्या, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने त्या पैशाचा हिशोबही धर्मादाय आयुक्तांना द्यायला लावला. देणाऱ्याच्या मूडवर काही ठेवलेलं नव्हतं. मला खेळाडूंच्या दानात नेमकं हेच हवंय, एकदाच मोठा चेक देण्यापेक्षा करारात लिहिलेला छोटा वाटा, आणि तो कुठं गेला हे कुणालाही बघता येईल असा हिशोब. कारण कोचचा पगार दर महिन्याला लागतो, ग्राउंडचं भाडं दर महिन्याला लागतं, एका वर्षी चेक आला आणि पुढच्या वर्षी नाही आला की पोरं परत रस्त्यावर.

२०२० मध्ये जुना वाद परत पेटला. २ एप्रिलला ब्रिटनचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी कोरोनाच्या रोजच्या पत्रकार परिषदेत सांगितलं की प्रीमियर लीगच्या खेळाडूंनी पगार कमी घ्यावा. बँकवाले नाही, हेज फंडवाले नाही, फुटबॉलपटू, ज्यातले कितीतरी कामगार वस्तीतून आलेले, कितीतरी काळे. क्लबनी ३० टक्के कपात मागितली तेव्हा युनियनने हिशोब मांडला की पगारातून ५० कोटी पौंड कमी झाले तर सरकारचाच टॅक्स २० कोटींवर बुडेल आणि पैसे राहतील मालकांकडे. इकडं खेळाडूंचं स्वतःचं बोलणं आधीच चालू होतं, लिव्हरपूलचा कॅप्टन जॉर्डन हेंडरसन बाकीच्या कॅप्टनना फोन करत होता, आणि ८ एप्रिलला त्यांनी प्लेयर्स टुगेदर नावाचा फंड जाहीर करून पैसा थेट सरकारी आरोग्यसेवेच्या धर्मादाय संस्थेकडे वळवला. त्याच दिवसांत लिव्हरपूल आणि टॉटनहॅम या श्रीमंत क्लबनी साध्या कर्मचाऱ्यांचे पगार सरकारी योजनेतून द्यायचं ठरवलं होतं, लोक चिडले तेव्हा दोघांनी माघार घेतली.

जूनमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या मार्कस रॅशफर्डने खासदारांना पत्र लिहिलं. लहानपणी तो स्वतः शाळेच्या फुकट जेवणावर वाढलेला, आई एकटी कमावणारी. उन्हाळ्याच्या सुट्टीत गरीब मुलांच्या जेवणाची कुपनं बंद करू नका एवढीच मागणी, आणि दुसऱ्याच दिवशी सरकार झुकलं, इंग्लंडमधल्या सुमारे १३ लाख मुलांचा प्रश्न होता. त्याने स्वतः पैसेही दिले आणि जमवले, पण माझ्या लेखी त्याचं पत्र कुठल्याही चेकपेक्षा मोठं आहे, कारण भुकेल्या पोराला खायला घालणं हे सरकारचं काम आहे हे त्याने सरकारला तोंडावर सांगितलं. नावाचा असा वापर करता आला तर करावाच, हेही देणंच आहे.

त्यामुळं खेळाडूंनी जास्त द्यावं का, तर हो, द्यावं, १ टक्का तर सगळ्यांनीच द्यावा. पण माटाची मूळ मागणी फक्त खेळाडूंकडं नव्हती, सगळ्या फुटबॉल धंद्याच्या कमाईचा १ टक्का अशी होती. डेन्मार्कचा नॉर्दशेलँड हा क्लब २०१८ मध्ये यात आला, क्लब म्हणून पहिलाच. आपल्याकडं २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला लावणं बंधनकारक केलंय, त्यात खेळाचं प्रशिक्षणही बसतं. मग टीव्हीचे हक्क विकणारी लीग, खेळाडू विकून नफा काढणारा मालक आणि शर्टवर नाव छापणारा स्पॉन्सर यांच्या करारात तो एक टक्का का नको? पुढच्या वेळी मोबाईलवर पगार काढाल तेव्हा सोबत क्लबच्या मालकाची संपत्ती पण काढा आणि मग भांडा.