डिस्क भरल्यावर युनिक्स कमांडचे विसंगत आउटपुट

युनिक्स किंवा लिनक्सवरील फाइल सिस्टीम पूर्ण भरली की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिहू पाहणाऱ्या प्रोग्रामला ‘ईएनओएसपीसी’ ही त्रुटी कळवतो. लिनक्समध्ये तिचा क्रमांक २८ असून स्क्रीनवर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा संदेश दिसतो. हा संदेश दिसला तर फारसा प्रश्न नसतो. घोळ होतो तो त्रुटी न तपासता पुढे जाणाऱ्या प्रोग्राममुळे. असा प्रोग्राम अर्धवट फाइल मागे ठेवून निमूट संपतो, आणि जागा मोकळी केल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, भलत्याच कमांडचे आउटपुट बिघडलेले आढळते. तोवर डिस्क भरली होती हे कोणाच्या ध्यानातही नसते.

कमांड स्वीकारणाऱ्या प्रोग्राममध्ये, म्हणजे शेलमध्ये, ‘>’ चिन्हाने आउटपुट फाइलमध्ये वळवले की कमांड सुरू होण्याआधीच ती फाइल रिकामी केली जाते. मोकळी झालेली जागा तेवढ्यात दुसऱ्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) बळकावली, तर जुना मजकूर गेलेला असतो आणि नवा उमटत नाही. उरते शून्य बाइटची फाइल. एखाद्या स्क्रिप्टने वापरकर्त्यांची नावे आणि क्रमांक ठेवणाऱ्या ‘पासवर्ड’ फाइलचे असे केले, तर फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएस -एल’मध्ये मालकाच्या नावाऐवजी नुसता आकडा येतो आणि नव्याने उघडलेले बॅश हे शेल आपल्या प्रॉम्प्टमध्ये ‘आय हॅव नो नेम!’ असे छापते. हे पाहून पहिली शंका घुसखोरीची येते. ती येणे योग्यच, पण फाइलचा आकार आधी पाहावा.

‘लास्ट’ कमांड लॉगिनचा इतिहास ‘डब्ल्यूटीएमपी’ या बायनरी फाइलमधून वाचते. तिच्यातील प्रत्येक नोंद ठरावीक लांबीची असते. एक नोंद अर्धवट लिहिली गेली, तर शर्टाचे एक बटण चुकल्यावर पुढची सगळी चुकावीत तशा पुढच्या नोंदी सरकतात. वापरकर्त्यांच्या नावांत कचरा दिसतो, तारखा अशक्य येतात. युनिक्स वेळ १९७०च्या आरंभापासून सेकंदांत मोजते, म्हणून वेळेच्या जागी शून्य वाचले गेले तर १ जानेवारी १९७० ही तारीख उमटते, आणि भारतीय वेळ लावलेल्या यंत्रावर पहाटेचे साडेपाच. लिनक्सची ग्लिबसी लायब्ररी अर्धवट नोंद कापून टाकते. आयबीएमच्या एआयएक्ससारख्या जुन्या वळणाच्या प्रणालींत ‘एफडब्ल्यूटीएमपी’ कमांडने ही फाइल साध्या मजकुरात आणून, खराब ओळी काढून, पुन्हा बायनरी करतात.

सर्वाधिक डोकेफोड होते ती ‘डीएफ’ आणि ‘डीयू’ यांच्या आकड्यांवरून. ‘डीएफ’ फाइल सिस्टीमकडूनच हिशेब घेते, तर ‘डीयू’ डिरेक्टरींत दिसणाऱ्या फाइलींची बेरीज करते. चालू प्रोसेसने उघडून ठेवलेली लॉग (कामाच्या नोंदींची) फाइल ‘आरएम’ने काढली तर फक्त नाव जाते, ती प्रोसेस फाइल बंद करीपर्यंत जागा सुटत नाही. ‘डीयू’ला ती दिसत नाही, ‘डीएफ’ मात्र मोजते. ‘एलएसओएफ +एल१’ अशा निनावी फाइली प्रोसेससह दाखवते. संबंधित सेवा पुन्हा सुरू केली की जागा परत येते. सर्व्हर रीबूट केल्यानेही येते, पण दोषी कोण हे मग कळत नाही. भरलेल्या डिरेक्टरीवरच दुसरी डिस्क माउंट केली (जोडली) असेल, तर खाली झाकल्या गेलेल्या फाइलींमुळेही हाच फरक पडतो.

लॉग काढण्याऐवजी तो जागच्या जागी रिकामा करणे बरे, पण त्यातही एक खोच आहे. प्रोसेसने फाइल ‘अपेंड’ (शेवटी भर घालण्याच्या) पद्धतीने उघडली नसेल, तर ती आपल्या जुन्या जागेपासूनच पुढे लिहिते. आधीचा भाग पोकळ राहतो. ‘एलएस’ पुन्हा जुनाच अवाढव्य आकार सांगते, ‘डीयू’ काही किलोबाइट म्हणते, आणि मजकूर शोधणारी ‘ग्रेप’ कालपर्यंतच्या साध्या लॉगला बायनरी फाइल ठरवते, कारण पोकळी वाचताना शून्य बाइट मिळतात.

‘डीएफ’च्या टक्केवारीवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. एक्स्ट४ फाइल सिस्टीम सहसा ५ टक्के जागा रूट या प्रशासक खात्यासाठी राखते, त्यामुळे ९५ टक्क्यांनंतरच सामान्य वापरकर्त्याला डिस्क भरलेली दिसते. फ्रीबीएसडीच्या यूएफएसमध्ये हा राखीव भाग ८ टक्के असून तो रूटने वापरला की ‘डीएफ’ १००च्या वरचा आकडा दाखवते. उलट प्रकार आयनोडचा, म्हणजे प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदींचा. लाखो बारीक फाइली साचून आयनोड संपले, तर गिगाबाइटी जागा शिल्लक असूनही तीच २८ क्रमांकाची त्रुटी येते. त्यासाठी ‘डीएफ -आय’ पाहावे लागते.

तात्पुरत्या फाइलींची डिरेक्टरी भरली की मूळ कामाशी संबंध नसलेल्या तक्रारी येतात. जुन्या बॅशमध्ये टॅब दाबताच ‘हिअर-डॉक्युमेंट’साठी (स्क्रिप्टमध्येच लिहिलेल्या मजकुरासाठी) फाइल करता येत नाही असा संदेश येतो, वापरकर्त्याने तर तसे काही लिहिलेलेच नसते. मोठी फाइल लावणारी ‘सॉर्ट’ मध्येच थांबते. तिला ‘-टी’ (कॅपिटल टी) देऊन दुसरी डिरेक्टरी दाखवता येते. बीटीआरएफएस या फाइल सिस्टीममध्ये फाइल काढण्यासाठीही नवा मेटाडेटा (फाइलींविषयीची माहिती) लिहावा लागतो, म्हणून ‘आरएम’लाच जागा नसल्याची त्रुटी येऊ शकते.

आपली स्क्रिप्ट अशा वेळी कशी वागेल हे डिस्क न भरताही तपासता येते. लिनक्सच्या ‘डेव्ह’ डिरेक्टरीतील ‘फुल’ या उपकरणावर केलेले प्रत्येक लिखाण ईएनओएसपीसी देऊन अपयशी ठरते. ग्नू ‘कॅट’चे आउटपुट तिकडे वळवले तर ती तक्रार करते आणि शून्येतर, म्हणजे अपयश दर्शवणारा, एक्झिट कोड देते.