एकत्र वाढवलं तरी एंजल निऑनला खातोच

'पिल्लं असताना एकत्र सोडा, मोठेपणी एकमेकांना खात नाहीत' हा मासे पाळणाऱ्यांमधला जुना समज. तो चुकीचा आहे. मासा ओळख बघत नाही, तोंडात मावतंय का ते बघतो. विकत घेताना नाण्याएवढा दिसणारा एंजल मासा पुढे १५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो. निऑन टेट्रा हा छोटा मासा ३-४ सेंटीमीटरवरच थांबतो, शिवाय अंगानं सडपातळ. सुरुवातीचे काही महिने सगळं सुरळीत चालतं (म्हणूनच तर हा समज टिकून आहे!), मग रात्रीतून एकेक निऑन गायब होऊ लागतो. ऑस्कर या आणखी मोठ्या माशाबद्दल तर बोलायलाच नको. त्यामुळे कोणते मासे एकत्र ठेवायचे ते ठरवताना पूर्ण वाढीचा आकार विचारा. एंजलसोबत कोरीडोरस (तळाशी राहणारे छोटे मासे) चालतात. टायगर बार्ब मात्र नको. तो गिळत नाही, पण एंजलचे लांब पर कुरतडतो.